धूर दिसला की उतरायचे

भित्रा माणूस सावध असतो, असा एक समज आहे. आणि चामोर्शीजवळच्या आपल्या गावात प्रवीण भांडेकर हा त्या समजाचा चालताबोलता पुरावा मानला जाई. स्वतःच्या विहिरीला गावात सर्वांत आधी कठडा त्याने बांधला. पुलावरून पाणी वाहत नसतानाही मोटारसायकलवरून उतरून ती ढकलत नेणारा तो बहुधा एकटाच. अशा माणसाच्या मुलीने डोंगर चढण्याचा ध्यास घ्यावा, ह्यात दैवाचा विनोद शोधण्याचे कारण नाही. ज्या घरात एक माणूस सर्वांच्या वाटची भीती बाळगतो, त्या घरात इतरांना निर्भय राहणे परवडते, इतकाच त्याचा अर्थ.

उर्वशी एटापल्लीला परिचारिका होती. येत्या जूनमध्ये चंद्रपूरच्या काही जणांबरोबर ती हिमालयात जाणार होती. पाठीवर सामान घ्यायचे, बर्फाच्या पाण्याने भरलेली तळी एकामागून एक गाठायची, प्रत्येकाच्या काठी एक मुक्काम करायचा आणि अखेरीस एका शिखरावर चढायचे, असा तो बेत होता. त्यासाठी पाठीवर ओझे घेऊन चढण्याचा सराव हवा होता. एटापल्लीच्या जंगलात एकलपहाडी नावाचा डोंगर आहे. त्याच्या खांद्यावर बारमाही तळे आहे आणि तळ्याच्या वर उघड्या खडकाचे टोक आहे. हिमालयातल्या बेताची ही घरगुती प्रतिकृतीच होती. कमळाने, म्हणजे उर्वशीच्या आईने, नवऱ्याला एवढेच सांगितले की पोरगी जाणारच आहे, तेव्हा घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा तुम्ही सोबत जा. प्रवीण गेला. जाताना मात्र त्याने एक अट घातली. त्या अटीकडे मी पुढे येणार आहे.

डोंगराच्या पायथ्याशी कोसमटोला नावाची वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे. तिथे सुकरी नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगणात त्यांनी मोटारसायकल लावली. मार्च सरत आला होता आणि दारोदारी मोहफुले वाळत पडली होती. हवेला त्यांचा गोड, किंचित आंबूस वास होता. उर्वशीने पाठीवरची पिशवी खाली ठेवली, तेव्हा सुकरीने ती एका हाताने उचलून पाहिली आणि लगेच ठेवून दिली.

“काय हाय यात?”

“धान,” उर्वशी म्हणाली. वजनासाठी दुसरे काही विकत घेण्यापेक्षा तिने घरचे धान कापडी थैल्यांत भरून घेतले होते.

“वरतं कोनी राह्यते का?”

“नाई, बाई. उद्या परत आणतो.”

सुकरीने यावर बराच विचार केला आणि मग प्रवीणकडे वळून अत्यंत गंभीरपणे विचारले, “परतच आनाचं हाय, त नेता काऊन, भाऊ?”

हाच प्रश्न प्रवीण आठवडाभर घरात विचारत होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालेले नव्हते. त्यामुळे सुकरीविषयी त्याच्या मनात तत्काळ आदर उत्पन्न झाला. वर काही हिंस्र आहे काय, असे त्याने तिला विचारले. अस्वल आहे, ती म्हणाली. मोहाच्या दिवसांत कुठे नसते? तळ्याकाठी मोहाचे एक जुने झाड आहे, ते आमचेच आहे. पण माझे पाय आता तिथवर पोचत नाहीत आणि पोरे जवळची झाडे सोडून तिकडे जात नाहीत. रात्री राहणारच असाल तर पहाटे पडलेली फुले वेचून न्या, तेवढीच वाया जाणार नाहीत. हे बोलणे अगत्याचे होते. त्यात पुढच्या अनर्थाचे बीज होते असे म्हणणे सुकरीवर अन्याय करणारे ठरेल.

अस्वलाचे नाव निघताच प्रवीणने खिशातल्या दोन काडेपेट्यांतली एक काढली आणि मुलीच्या हातात ठेवली. ती पिशवीत टाकू लागली, तर त्याने तिला थांबवले.

“पिशवीत नोको. खिशात ठेव. पाठीवरचं फेकून पळा लागते कधी. खिशातलं संग राह्यते.”

ती हसली, पण तिने ऐकले.

तळ्यापर्यंतची वाट सोपी होती. बांबूच्या बेटांमधून, सागाच्या निष्पर्ण झाडांखालून ती दोघे चढत गेली. पायांखाली सागाची वाळलेली पाने होती. त्यांवर पाऊल पडले की एवढा आवाज होई, की बोलायचे झाल्यास थांबावे लागे. तळे आटून निम्मे झाले होते; तरी मधोमध पाणी होते आणि त्यात आकाश होते. सुकरीने सांगितलेले मोहाचे झाड डोंगराच्या बाजूच्या काठावर उभे होते. त्याच्या सावलीत बसून दोघांनी डब्यातला भात खाल्ला. उर्वशी त्याला हिमालयातल्या तळ्यांविषयी सांगत होती. तिथे इतक्या उंचीवर झाडेच नसतात, ती म्हणाली; नुसते दगड, गवत आणि बर्फ.

“एकबी झाड नाई?”

“एकबी नाई. मंग अस्वल कुठून येईन?”

प्रवीणला हे मुळीच दिलासा देणारे वाटले नाही. त्याच्या मते झाडाशिवायची जागा म्हणजे आडोसा नसलेली जागा. जिथे झाड जगत नाही तिथे माणसाने जावेच का, ह्या मुद्द्यावर तो अडून बसला. वाद मिटला नाही. तो पूर्वीही कधी मिटलेला नव्हता.

आता ती अट. प्रवीणचा गुडघा दुखरा होता, त्यामुळे टोकापर्यंत उर्वशी एकटीच जाणार होती. मोबाइलला तिथे नेटवर्क नव्हते आणि मधल्या उतारावरच्या झाडीतून हाक पोचणे शक्य नव्हते. म्हणून प्रवीणने ठरवले होते की सूर्य डोक्यावरून कलला की तो तळ्याकाठी ओल्या पाल्याचा धूर करील, आणि धूर दिसला की उर्वशीने उतरायचे. टोक हातभर राहिले असले तरी उतरायचे. ह्या अटीवरच त्याने होकार दिला होता; आणि उर्वशीनेही शब्द दिला होता.

“धूर दिसला का उतरजो,” ती पिशवी पाठीवर चढवत असता तो पुन्हा म्हणाला. “टोक राह्यलं त राह्यलं.”

“हव, बाबा.”

ती झाडीत शिरली. बराच वेळ तिच्या पावलांखाली पाने वाजत होती. मग ती वाजेनाशी झाली.

एकट्या माणसाची भीती कामाने कमी होते, म्हणून प्रवीण काम शोधू लागला. तळ्याकाठी रात्र काढायची होती आणि मोहाखाली पानांचा एवढा थर साचला होता की विंचू-साप दिसणे अशक्य. शिवाय पहाटे फुले पडतील तेव्हा जमीन स्वच्छ असल्याशिवाय ती वेचता येणार नाहीत. अशा वेळी काय करतात हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. त्याच्या शेताच्या बांधावर मोहाची दोन झाडे होती. लहानपणी आईबरोबर, आणि पुढे कमळाबरोबर, फुले पडू लागण्याआधी दरवर्षी त्याने त्यांच्याखालचा पाला पेटवून जमीन मोकळी केली होती. पाला घटकाभर जळे आणि विझे, मग खालची काळी जमीन दुसऱ्या दिवशी पिवळ्या फुलांनी भरून जाई. सूर्य कललाच होता. एकाच काडीत दोन कामे होत होती: जमीन मोकळी होणार होती आणि धूरही दिसणार होता.

त्याने निष्काळजीपणा केला, असे म्हणता येणार नाही. त्याने झाडाभोवती फांदीने झाडून एक कडे काढले, वाऱ्याचा अंदाज घेतला, तळ्यातून डबा भरून आणून जवळ ठेवला. पण ही सगळी काळजी बांधावरच्या झाडाची होती. बांधावरच्या मोहाभोवती नांगरलेली शेते असतात, आणि त्याच्याखाली फक्त एका वर्षाचा पाला असतो. ह्या झाडाखाली, कोणी येत नसल्यामुळे, कित्येक वर्षांचा पाला एकावर एक बसला होता. आणि त्याच्यामागे नांगरट नव्हती, डोंगर होता.

काडी लागली. पहिल्यांदा पांढरा, जाड धूर उठला आणि प्रवीणला समाधान वाटले, कारण एवढा धूर टोकावरूनही दिसला असता. मग पाल्याच्या आतून एक हुंकारासारखा आवाज आला आणि ज्वाळा त्याच्या छातीएवढी उभी राहिली. तो मागे सरला. तळ्यावरून डोंगराकडे वारा निघाला होता, दुपारी तो नेहमीच निघतो. सागाचे एक पेटलेले पान, ताटाएवढे, सावकाश वर उठले, झाडून काढलेल्या कड्यावरून तरंगत पलीकडे गेले आणि उतारावर बसले. त्याने धावत जाऊन ते पायाने चिरडले. तोपर्यंत दुसरे गेले होते. मग तिसरे. त्याने डबा रिकामा केला, हिरवी फांदी तोडून झोडपायला सुरुवात केली. पण वरच्या अंगाला आग ओळीने पसरली आणि ती ओळ चढणीला लागली. सपाटीवरची आग माणसाच्या चालीने जाते. चढणीवर ती धावते. हे त्याला ठाऊक नव्हते. बांधावर चढण नसते.

तो झोडपत राहिला असता. पण एका क्षणी त्याचा हात थांबला. त्याच्या लक्षात आले की उर्वशी हा धूर पाहत असेल, आणि धूर दिसला की उतरायचे असे त्यानेच तिला सांगितले होते. दोन वेळा सांगितले होते. ती आता उतरू लागली असेल. आणि ती शब्दाची पक्की होती.

भीतीविषयी त्याचा अनुभव दांडगा होता, पण आजवरची त्याची प्रत्येक भीती अजून न घडलेल्या गोष्टीची होती. ही तशी नव्हती. हिच्यात कल्पना करण्याजोगे काही उरलेच नव्हते. त्याने मुलीच्या नावाने हाक मारली. ती हाक त्याची त्यालाच नीट ऐकू आली नाही, इतका वर तडतडाट माजला होता.

पुढे जाऊन आगीला गाठणे शक्य नव्हते. मागून जाणे शक्य होते, कारण मागे ती सर्व खाऊन जात होती. खांद्यावरचा गमछा तळ्यात बुडवून त्याने तोंडाला गुंडाळला आणि तो काळ्या जमिनीवरून चढू लागला. राख घोट्यापर्यंत होती आणि तिच्या आत निखारे होते. जागोजागी बुंधे धुमसत होते. त्याच्या प्लास्टिकच्या चपला मऊ पडून तळव्यांना चिकटू लागल्या. गुडघा दुखत होता की नव्हता, हे त्याला नंतर कधीही आठवले नाही. धूर दाटे तेव्हा तो जमिनीलगत वाकून उभा राही. विरळ झाला की पुन्हा निघे. प्रत्येक धुमसत्या ओंडक्याला तो आधी आडवे पडलेले माणूस समजे, आणि ओंडका आहे असे दिसले की पुन्हा चढू लागे.

अर्ध्या चढावर वारा पडला आणि धुराचा पडदा फाटला, तेव्हा त्याला वर दुसरा धूर दिसला. त्याच्या आगीची ओळ त्या धुराच्या बरीच खाली होती. हा धूर तिच्याही पुढे, वेगळ्याच जागेवरून उठत होता. म्हणजे आगीने उडी मारली होती. म्हणजे उतरणाऱ्या माणसाच्या खालीही आग होती आणि वरही होती. त्याने हे गणित मनात एकदा केले, पुन्हा केले, आणि उत्तर बदलत नाही असे पाहून तो रडू लागला. तो रडत रडतच चढत होता.

मग त्याला एक आवाज ऐकू आला. बारीक, टपटप फुटणारा, थांबून थांबून येणारा. तो आवाज ओळखीचा होता, आणि ओळखीचा होता म्हणूनच अधिक भयंकर वाटला. कारण अशा ठिकाणी तो असण्याचे काहीच कारण नव्हते. घरी कमळा कढईत लाह्या फोडी तेव्हा असा आवाज येई. तो आवाजाच्या दिशेने वळला. एका खडकाला टेकून उर्वशीची पिशवी पडली होती. तिचे कापड वितळून काळे झाले होते, एक पट्टा अजून जळत होता, कापडी थैल्या उसवल्या होत्या आणि आतले धान निखाऱ्यांवर सांडून फुटत होते. राखेवर पांढऱ्या लाह्या पडल्या होत्या.

पिशवीजवळ कोणी नव्हते. त्याने खडकाच्या पलीकडे पाहिले. तिथेही कोणी नव्हते. पिशवी इथवर आली म्हणजे ती इथवर उतरली होती, आणि इथवर आग येऊन गेली होती. ह्यापलीकडे विचार करण्याची ताकद त्याच्यात नव्हती. त्याने हाताने राख चाचपायला सुरुवात केली. काय शोधतो आहोत, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

वरून कोणीतरी खोकले.

थोड्या अंतरावर उताराचा एक तुकडा होता, ज्याचा काळा रंग निराळा होता; तो आधी जळून थंड पडला होता आणि आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली होती. त्याच्या मध्यभागी उर्वशी पालथी पडली होती. तोंड मातीत, डोक्यावर ओला दुपट्टा. ती हलत नव्हती. तो गुडघ्यांवर पडून तिच्यापर्यंत पोचला, पण तिला हात लावण्याचे धैर्य त्याला होईना. हात लावला आणि ती उठली नाही तर काय, हा प्रश्न त्याच्या हाताच्या आणि तिच्या खांद्याच्या मध्ये उभा राहिला. तेवढ्यात तिनेच दुपट्टा बाजूला केला. चेहरा काळा, भुवया करपलेल्या, डोळे लाल. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे पाहिले.

“चप्पल काढा, बाबा. कातडीले चिकटून राह्यली.”

तिने उठून बसून स्वतःच त्याच्या पायांतल्या चपला सोडवल्या आणि कमरेच्या बाटलीत उरलेले पाणी तळव्यांवर ओतले.

मग तिने सांगितले, तुटक तुटक, मध्ये खोकत. खालून आग येताना दिसली तेव्हा मागे टोकाकडे पळण्याइतका वेळ उरला नव्हता. पिशवी टाकली. आजी मोहाखाली करायची ते आठवले. खिशातली काडेपेटी काढली आणि वरच्या अंगाचा पालाच पेटवला. ती आग वर निघून गेली, तशी जळून मोकळ्या झालेल्या जागेत शिरली आणि खालची येईपर्यंत तोंड झाकून पडून राहिली. खालची आली, तिला खायला काही मिळाले नाही.

“वरतून पाह्यलं नाई का तू, किती मोठी होती?” त्याने विचारले. “उतरली काऊन?”

तिने चपला बाजूला ठेवल्या.

“धूर दिसला म्हून उतरली,” ती म्हणाली. “टोक समोरच होतं. नुसता गोटा, थिथी काईच जळालं नसतं. पण तुमी म्हणलं होतं ना. तुमचाच धूर होय, म्हून मी पाह्यलंच नाई नीट.”

त्याने मान हलवली. आणि ती वाक्ये त्याच्या मनात कोठे जाऊन बसली असतील, ह्याचे वर्णन करण्याचा मोह मी टाळतो.

उतरताना त्याने तिचा दंड सोडला नाही. तळ्याजवळ कोसमटोल्याची माणसे हिरव्या फांद्या घेऊन बाजूने पसरणारी आग झोडपत होती. वरची आग उघड्या खडकाशी जाऊन विझू लागली होती. बाजूची मात्र जिवंत होती. सुकरीही आली होती. तिचे पाय आज तिथवर पोचले होते. ही आग कोणी लावली, असे तिने विचारले.

“म्या लावली,” प्रवीण म्हणाला. “मोहाखालचं साफ कराले.”

तिने त्याच्याकडे पाहिले, मग मोहाकडे. झाडाचे एक अंग पार करपले होते आणि फुलांचे घोस काळे पडले होते. ती आपल्या भाषेत काहीतरी बोलली, ते कठोर होते एवढे कळत होते. मग तिने आपल्या हातातली फांदी त्याला दिली आणि स्वतःसाठी दुसरी तोडली. ऊन उतरेपर्यंत तो अनवाणी, पायांना ओली फडकी बांधून, त्या माणसांच्या ओळीत उभा राहून झोडपत होता. उर्वशीला तिथे बसून राहायला सांगितले होते. पण ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तो दर थोड्या वेळाने मान वळवून ती आहे ना हे पाही. शेवटची ठिणगी विझल्यावरही तो पाहतच राहिला.

मग दोघे तळ्याच्या काठी बसली. तिने तोंड धुतले. खिशातून काडेपेटी काढून तिने त्याच्यापुढे धरली.

त्याने हात पुढे केला नाही. दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून धरले.

“राहू दे तुयाजवळ,” तो म्हणाला. “जूनमधी घेऊन जाजो.”

तिने ती परत खिशात ठेवली. पाण्यात डोंगराचे प्रतिबिंब होते, वरपर्यंत काळे, आणि शेंड्याला तेवढा उघडा खडक.

“थिथी एकबी झाड नाई म्हणते ना तू?” त्याने विचारले.

“एकबी नाई, बाबा.”

“बरं हाय,” प्रवीण म्हणाला. “मंग बरं हाय.”